तहानलेल्या फरश्या

शेडगे सुभेदारांना प्यायला पाणी दिलं, की दोन घोट ते घेत आणि चमचाभर जमिनीला देत. कुणाच्याही घरी. लग्नाच्या बैठकीत, सांत्वनाला गेले असताना, एकदा तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी. फरशीवर पाणी ओतायचं, उकिडवं बसायचं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आकडे मोजायचे. पाणी मण्यासारखं उभं राहिलं तर समाधानाने मान डोलवायची. दगडात जिरून काळा डाग पडला, की मोठ्याने जाहीर करायचं, "पिली! अकरात पिली. लय तहानली हाय."

डॉक्टर घाबरले. त्यांनी आधी सुभेदारांचेच डोळे तपासले.

सुभेदार मूळचे कवठे महांकाळकडचे. वडील मेंढरं राखायचे, हे पलटणीत गेले आणि पेन्शन घेऊन सांगलीत आमच्या मागच्या गल्लीत, नोकरीत असतानाच बांधलेल्या घरात राहिले. एकटेच. "आमच्या गावाकडं माणसाला प्यायला न्हाई," ते म्हणायचे, "आन् हितं तुमच्या फरश्या घागरीनं पित्यात!" यावर उपाय म्हणून जवसाचं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, त्यात टर्पेंटाइन मिसळून ते लोकांच्या शहाबादी फरश्यांना पाजत फिरत. तेल प्यायलेली फरशी पुन्हा पाणी पीत नाही, डाग धरत नाही. टर्पेंटाइन आणायला ते सायकलवरून कुपवाडला जात. मजुरी घेत नसत. कामाची घाई मात्र कुणी करायची नाही. पाचगणीच्या एका बंगलेवाल्याने "परवापर्यंत होईल ना?" एवढंच विचारलं, तर हे तेलाचा डबा उचलून पुढच्या एसटीने परत आले होते.

आणि अशा माणसाची गाठ माझ्याशी पडली. मी शाळेत मुख्याध्यापिका. मी याद्या करते. रोजची, आठवड्याची, सुट्टीची. झालेल्या कामावर रेघ मारली की मला जेवल्यासारखं वाटतं. एखादं काम यादीत नसताना हातून झालं, तर ते आधी यादीत लिहिते आणि मग खोडते. आमचे हे म्हणतात, "आपलं लग्न कितव्या नंबरला होतं?" मी उत्तर देत नाही. तिसऱ्या नंबरला होतं.

आम्ही घर बांधलं त्या वर्षी सिमेंटला परमिट लागायचं. परमिटपासून वास्तुशांतीच्या पेढ्यांपर्यंत सत्तेचाळीस कामांची यादी मी केली होती. त्यात छत्तिसावं काम होतं, "फरशीला तेल, दोन दिवस."

सुभेदारांनी यादी हातात धरून शांतपणे वाचली.

"दोन दिस? बाई, ही फरशी काल बसली. खालचा माल वला हाय. एकवीस दिस हिला सुकाय पायजे."

"अहो, वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलीय. पत्रिका वाटून झाल्यात."

"पत्रिका फरशीला दिली का?"

मी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली. चार दिवसांनी सुभेदार पुतणीच्या लग्नाला गावी गेले. मी तेलाचा डबा आणवला आणि रविवारी पदर खोचून पुढची खोली एकटीने उरकली. चांगलं भरपूर तेल घातलं. जास्तीचं तेल अर्ध्या तासात पुसून घ्यायचं असतं, ही गोष्ट सुभेदारांच्या डोक्यात होती; माझ्या यादीत नव्हती. मी छत्तिसाव्या कामावर रेघ मारली आणि मागच्या खोलीत, जिथे आम्ही आधीच बिऱ्हाड हलवलं होतं, गाढ झोपले.

सकाळी हे पेपर आणायला म्हणून खोलीतून निघाले ते दारापर्यंत पोहोचले. चपला खोलीच्या मध्यावरच राहिल्या. तेलाचा चिकट साका झाला होता. चपला ओढल्या तर एकीचा अंगठा तुटला. त्यावर तीन-चार दिवसांत खालची ओल वर यायला धडपडू लागली आणि फरशीवर पीठ सांडल्यासारखे पांढरे फुगारे उठले. हे रोज दारात उभे राहून विचारत, "आत येऊ, की पत्रिका लागते?"

सुभेदार परत आले. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते. त्यांनी एक बोट फरशीवर टेकवलं, ते सुटताना चिकटपट्टी निघाल्यासारखा आवाज आला, तो त्यांनी पुन्हा एकदा ऐकला आणि म्हणाले, "बाई, तुमी हिला पाजलं न्हाई. बुडिवलं."

मग चार दिवस ते टर्पेंटाइन आणि गोणपाट घेऊन गुडघ्यांवर रांगले. सगळं तेल काढलं. वास्तुशांत कोरड्या, बिनतेलाच्या फरशीवर झाली. पाहुण्यांनी पाडलेला आमटीचा प्रत्येक थेंब सुभेदारांनी जेवण सोडून, पळत जाऊन टिपला. महिन्याभराने, सावकाश, त्यांच्या पद्धतीने त्यांनी सगळ्या घराला तेल दिलं. पातळ हात, पुसणं, चार दिवस थांबणं, पुन्हा हात. आजही आमच्या फरशीवर पाणी मण्यासारखं उभं राहतं.

त्यांनी काही घेतलं नाही. धोतरजोडी परत केली. लाडू "दातानं जमत न्हाई" म्हणून नाकारले. माझ्या यादीत नवीन काम आलं, "सुभेदारांच्या उपकारांची परतफेड." ते दर रविवारी पुढच्या यादीत ढकलावं लागे. मला रात्रीचं जेवण जाईना.

आणि मग संधी आली. गावच्या जत्रेला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. "मागच्या दारी तुळस हाय. सकाळी तांब्याभर पाणी घाला. बास."

बास म्हटल्यावर बास करणारी बाई मी नव्हे. तुळशीला पाणी घातलं आणि स्वयंपाकघरात डोकावले. खिडकी बंद, अंधार. दुसऱ्यांच्या घरात शिरल्या शिरल्या "हवा खेळू द्या" म्हणून खिडक्या उघडणारा हा माणूस! मी खिडकी उघडली. ऊन आत आलं आणि फरशी आरशासारखी चमकली. एक सोडून. पाट्याजवळची एक फरशी कोरडी, मळकट होती आणि तिच्यावर ताटाएवढा पिवळा डाग होता. एका बाजूला कुणी कुंचा ओढल्यासारख्या चार रेघा.

मी तांब्यातलं चमचाभर पाणी तिच्यावर ओतलं आणि मोजू लागले. सातात पिली.

मला इतका आनंद झाला! सगळ्या सांगलीच्या फरश्यांची काळजी करताना बिचाऱ्यांची स्वतःची एक राहून गेली होती. परतफेड! मी घरी जाऊन वहीच्या पानावर लिहिलं: धुण्याचा सोडा, ब्रश, गोणपाट, तेल. मग डाग काढणे, वाळू देणे, दोन दिवस. हो, पुन्हा दोन दिवसच लिहिलं.

सामान घेऊन परत गेले, सोडा कालवून डागावर ओतला आणि ब्रश मारला. डाग निघाला नाही. तो लाल झाला.

कुठल्याही बाईला जे ठाऊक असतं, ते मला तेव्हा आठवलं. हळदीला सोडा लागला, की ती लाल होते. म्हणजे ती हळद होती. मी आणखी जोरात घासलं. आणखी लाल झाला.

"बाई."

दारात सुभेदार उभे होते. खांद्यावर पिशवी, कपाळाला जत्रेचा भंडारा. एक दिवस आधीच आले होते. मी ब्रशसकट उठले.

"सुभेदार, तुमची ही एक राहिली होती, म्हणून म्हटलं..."

आधी जाऊन त्यांनी खिडकी लावली.

"उन्हानं हळद उडती," ते म्हणाले. मग फरशीजवळ उकिडवे बसले. घड्याळाकडे बघितलं नाही. "हे घर नवं व्हतं तवा मी सुट्टीव आलो. सांगितलं न्हवतं. दारातनं हाक मारली. मंडळी पाट्याव वली हळद वाटत व्हती. दचाकली, तशी वाटी उलटली. हातानंच पुसाय गेली."

त्या चार रेघा. त्या कुंच्याच्या नव्हत्या.

"म्हनली, आवं, फरशीला तेल लावून घ्या की, सुट्टी संपायच्या आत. मी म्हनलं, पुढच्या सुट्टीत." त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. "पुढच्या सुट्टीत ती न्हवती. ती गेल्याची तार पलटणीत आली, ती बी समदं उरकल्याव."

माझ्या हातातला ब्रश टपटप गळत होता. मी तो पदरात धरला. नवं लुगडं होतं, पण ते मला घरी गेल्यावर कळलं.

"मग मी समद्या घराला तेल दिलं. हिला न्हाई. तेल दिल्यालं दगड काय धरून ठेवत न्हाईत, बाई."

मला रडू येत होतं. पण रडताना काय करायचं याची यादी माझ्याकडे नाही. म्हणून मी उपाय सांगितला. "लिंबू! लिंबू पिळलं की लाल जाऊन परत पिवळं होतं. मी आत्ता घेऊन येते. पाच मिनिटं..."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी हात वर केला. डागाकडे बघत होते. हळदीच्या पिवळ्यात मधोमध, मी घासलं होतं तिथे, ओलं, गर्द कुंकू उमटलं होतं. "कुंकू लय मोठं लावायची ती. मी हसायचो."

आणि ते हसले. मग म्हणाले, "सोडा तेवढा पुसून घिऊ. बेतानं. तुमी नगा, मी घितो."

लाली आठवडाभरात उतरली, असं त्यांनीच सांगितलं. कडेला थोडी तपकिरी झाक राहिली म्हणाले. मी पुन्हा बघायला गेले नाही. परतफेडीचं काम मी यादीतून काढून टाकलं. रेघ न मारता काढलेलं ते माझं पहिलं काम.

आमच्या व्हरांड्यात यांची आरामखुर्ची असते. तिच्याजवळ हे रोज चहाची कपबशी खाली ठेवतात आणि रोज थोडा सांडतात. पुढच्या उन्हाळ्यात सुभेदार वर्षाचा तेलाचा हात द्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, "खुर्चीजवळची तेवढी एक फरशी काढून टाकू आणि नवी बसवू. कोरडी."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं, पेपरमागे लपलेल्या यांच्याकडे बघितलं, आणि जुनी फरशी उचकटायला छिन्नी काढली.

"किती दिसांनी तेल द्यायचं हिला?"

मी वही उघडली. तारखेची जागा कोरीच सोडली.

एकवीस दिवसांनी यांनी पेपर खाली घेतला. "अगं, ही एक राहिलीय. चहाचा डाग पडलाय बघ."

"बघितलाय," मी म्हटलं. "पडू द्या."