ऊबरच्या पुढचं

"भिंगारमध्ये भिंग एकच, ते माझ्या हातात! चोर माझ्या वासानंच पळतात," असं हौशी गुप्तहेर नृसिंहकाका स्वतःविषयी सांगत. चोर कधी सापडला नव्हता, म्हणजे पळतच असावेत. काकांची मदतनीस पुतणी सुनीती. पगार शून्य, वर भिंग पुसायचं कामही बिचारीचंच.

१९४० सालचं प्रकरण मात्र तिच्याच लग्नाचं होतं. लष्करी छावणीच्या कोठारातला कारकून सुमंत तिला बघायला आला आणि तिला मनापासून आवडला. पोह्यांचा घास घेऊन तो म्हणाला, "ऊबर..." आणि तेवढ्यात पडद्याआड टेहळणी करणारे काका शिंकले. पडदा दांडीसकट खाली, आत काका! पाहुणे घाईघाईनं गेले, नंतर होकार-नकाराचा निरोपच नाही.

"ऊबर म्हणजे उंबर!" काका गरजले. "दत्ताचं झाड. मुलगा गोसावी होणार!"

"अहो, गोसावी होणारा मुलगी बघायला कशाला येईल?" सुनीती म्हणाली.

"मग उंबरठा! तुला ओलांडू देणार नाही." संध्याकाळी काका देवळामागच्या उंबराखाली पुरावा खणून आले. पुजाऱ्याच्या शिव्या तेवढ्या मिळाल्या.

सुनीतीला रडूच फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि भर बाजारात सुमंतला गाठलं.

"ऊबर म्हणजे काय हो?"

"लई!" तो दचकून म्हणाला. "छावणीत जर्मन लोक डांबलेत ना, त्यांचा शब्द. आम्हा कारकुनांच्या तोंडी बसलाय. ऊबर गरम, ऊबर महाग. नुसता नाही चालत, पुढे काहीतरी लागतं."

"मग त्या दिवशी पुढे काय होतं?"

सुमंतनं मान खाली घातली. "खारट. पाणी मागणार होतो."

"म्हणून नकार?"

"नकार कसला? पडदा पडला, म्हटलं अपशकुन धरून तुम्हीच गप्प बसलात. माझ्याकडून तर..." त्याचे कान लाल झाले. "ऊबर पसंत."

सुनीती घरी आली ती तरंगतच. पण पोह्यात मीठ तर तिनं बेतानंच घातलं होतं!

"मूठभर मी घातलं," काका मिशीला पीळ देत म्हणाले. "मुलगा खाल्ल्या मिठाला जागतो की नाही, बघायला नको?"

सुनीतीनं कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही ना, ऊबर..."

"ऊबर काय?"

"तेवढं तुम्हीच शोधा," म्हणत तिनं भिंग पुसून त्यांच्या हातात दिलं.