बाभळबनाखालच्या सर्व्हराची हकीकत

श्रीदिग्देवता प्रसन्न. दाही दिशांस नमन करोन लिहिले ऐसे जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, ज्येष्ठमासी राज्यात मोठा पेच पडिला. राज्याचे समस्त नकाशे, गावे, ओढे, पाणंदी सुद्धा, केसोपंत नकाशनीस यांचे सर्व्हरात होते, आणि तो सर्व्हर पंतांनी नदीकाठचे नकाशेखान्यात, गारवा बरा म्हणोन, तळघरी मांडिला होता. पंतांचा त्याजवर भारी जीव. पंखा कुरकुरला तरी घास गोड लागत नसे. मग सुभानराव कारभारी यांनी श्रीमंतांस अर्ज केला की, "यंत्र पोसणे पुरे जाहले. नकाशे क्लाउडात ठेवावे. तेथे आपला सर्व्हर नलगे, रयत वापरील तितकेच मोल. पूर आला की सारे एकदम नकाशा मागतात आणि पंतांचे यंत्र नेमके तेव्हाच धापा टाकते." पंत तापले आणि बोलिले, "राज्याचा भूगोल परक्याचे ओसरीवर ठेवणार? उद्या तार तुटली तर रावसाहेब गावे काय बोटाने दाखवणार?" श्रीमंतांनी आज्ञा केली, "तंटा पुरे. पंत, महापुराचा नकाशा दाखवा, मग निवाडा करू."

पंतांनी मोठ्या डौलाने भिंतीवर नकाशा उजळिला आणि पाणी चढवीत नेले, आणि निळा रंग गावोगाव पसरला, आणि दरबार वाहवा करू लागला. तो पंतांची दृष्टी नदीकाठी एका जागी खिळली. रिवाज ऐसा होता की, शत्रूस ठाव लागू नये म्हणोन नकाशेखाना कोणत्याही नकाशात दाखवीत नसत, ते जागी "बाभळबन" लिहीत. पंतांनी हयातभर तैसेच लिहिले आणि तेथे पाणी येते की काय, हे कधी पाहिलेच नाही. आता बाभळबन निळे जाहले होते. दरबारी कोणास उमज पडला नाही. पंत गप्प राहते तर सर्व्हर राहता. परंतु ते उठोन बोलिले, "महाराज, हे बाभळबन नव्हे, आमचा नकाशेखाना. पूर येईल तेव्हा पहिले नकाशेच बुडतील."

श्रीमंतांनी पुसिले, "सर्व्हर गडावर नेला तर?" पंत म्हणाले, "बुडणार नाही, परंतु एकदम साऱ्यांस पुरणारही नाही. रावसाहेब म्हणतात ते खरे आहे. क्लाउडच करावा. तार तुटेल त्या समयासाठी एक नक्कल मात्र गडावरचे लहान यंत्रात असो." सुभानराव उठोन पंतांशेजारी जाऊन बसले. मग श्रीमंतांचे आज्ञेने नकाशे क्लाउडात चढविले, नक्कल गडावर ठेविली, आणि पंतांनी सर्व्हर स्वहस्ते बंद केला.

श्रावणी महापूर आला. रयतेने मोबाइलावर नकाशे उघडिले आणि नावा नेमक्या वस्त्यांस पोहोचल्या.

सारांश, तळघर छतापर्यंत भरले आणि माणूस एकही गेले नाही. नावा माणसे घेऊन काठास लागल्या तेव्हा केसोपंत सर्वांदेखत रडले, आणि ते सर्व्हरासाठी नव्हे. जाहले ते ऐसे.