वाइंडिंग खात्यातली बढती

बढती न्यायानेच द्यायची असते आणि न्यायाला वेळ लागतो, हे अंबडच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याइतकं कुणालाच उमगलेलं नाही. तिथल्या बढती समितीत तीन साहेब आहेत (चौथे चहापुरते येतात), आणि सगळे भले लोक आहेत.

सिन्नरहून येणाऱ्या साधनाताई सांगळेंना वाइंडिंगचं सुपरवायझर व्हायचं होतं. कॉइलवर तार गुंडाळून गुंडाळून उजवं मनगट कामातून गेलेलं. "मशीन सोडा, नाहीतर हात विसरा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्यांदा जागा निघाली तेव्हा समितीने ज्येष्ठता पाहिली. ताई कामात पहिल्या, पण नोकरीत कालच्या. जागा कारभारीअण्णांना गेली (ही बातमी सांगायला त्यांना झोपेतून उठवावं लागलं). दुसऱ्यांदा ताईच सगळ्यांत ज्येष्ठ होत्या, म्हणून समितीने काळाची गरज ओळखून गुणवत्ता पाहिली. गुणवत्ता म्हणजे डिप्लोमा, असं एकमताने ठरलं.

ताईंनी मुकाट्याने डिप्लोमाही केला. तिसऱ्यांदा त्यांच्याकडे सगळंच होतं. समोर होता मनोज, ज्याच्या बहुतेक कॉइली टेस्टिंगहून माहेरवाशिणीसारख्या परत यायच्या. समितीने मनोजला निवडलं.

ताई तडक समितीतल्या देवरेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, माझ्यात काय कमी हे, तेवढं सांगा."

"कमी? अहो ताई, कमी असतं तर तुम्हीच नसता का झालात? तुम्हाला उचललं तर मशीनवर कोण? मनोजला उचललं की माल सुधारतो."

आणि माल खरंच सुधारला, हे मान्य करायला हवं.

ताईंना संताप आला, रडूही आलं. मग त्यांनी ठरवलं, आपल्यावाचून काही अडताच कामा नये. नव्या स्नेहाला शेजारी बसवून, हातचं काही राखून न ठेवता सगळं शिकवलं. स्नेहाचा हात बसला आणि पुन्हा जागा निघाली.

"आता माझ्यावाचून काहीच अडत नाय, साहेब," ताई आशेने म्हणाल्या.

समिती भारावून गेली. इतकं छान शिकवणारं माणूस मशीनवरून हलवणं हा कारखान्याशी द्रोह ठरला असता. स्नेहालाही हात लावता येईना. तीही आता चांगली झाली होती. जागा धनराजला मिळाली. त्याने वाइंडिंग मशीन पाहिलं होतं, लांबून.

ताईंवर मात्र अन्याय झाला नाही. दसऱ्याला मशीनपूजेचा मान त्यांना देण्यात आला. मनगटाला पट्टा बांधून त्यांनी डाव्या हाताने नारळ फोडला. साहेब माइकवर म्हणाले, "ताईंशिवाय इथलं पान हलत नाही!" टाळ्या पडल्या. एवढा राग असूनही ताईंना आतून बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर मशीनवर बसल्या.

हसताय? खुशाल हसा. फक्त तुमचे साहेब तुम्हाला हे वाक्य शेवटचं कधी म्हणाले, आणि त्या दिवशी घरी येऊन तुम्ही ते किती जणांना सांगितलंत, तेवढं आठवून हसा.