ग्रीनलँडचा मान

आमच्या शाळेत भूगोलाचा तास गाऱ्हाण्याने सुरू होतो. अगदी देवळातल्यासारखा, नारळ तेवढा नसतो. पाचवीच्या आडिवरेकर बाई हात जोडतात, डोळे मिटतात आणि आवाज चढवतात, "बा समुद्रा महाराजा, सात खंडांच्या धन्या! आज ही पाचवीची लेकरं तुझ्या दारात उभी आहेत. त्यांना अक्षांश-रेखांशाची वाट दाखव. नकाशात कोणाचा पाय घसरू देऊ नको. ऑस्ट्रियाला ऑस्ट्रेलिया म्हणणाऱ्याला सांभाळून घे, रे महाराजा!"

"होय महाराजा!"

कौलं थरथरतात. मी शेजारी चौथीला शिकवतो. मध्ये भिंत आहे, पण अर्धीच. त्यामुळे मी "सतरा चोक किती?" विचारावं आणि माझ्या अख्ख्या वर्गाने "होय महाराजा!" ओरडावं, असं आठवड्यातून दोनदा तरी होतं.

आमची शाळा पूर्णगडच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. खाली बंदर, होड्या, मासळीचा वास. या मुलांना जगाचा भूगोल शिकवायचा म्हणून मी काय काय नाही केलं! हवा भरायचा मोठा पृथ्वीगोल मागवला. पंप नव्हता, तेव्हा तो स्वतःच्या तोंडाने फुगवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पृथ्वी उभी राहिली. मात्र पॅसिफिक महासागराला कुठेतरी बारीक भोक होतं. मधल्या सुट्टीपर्यंत दोन्ही अमेरिका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सुट्टीनंतर उरलेल्या पृथ्वीवर पोरांनी फुटबॉल खेळून घेतला.

बाईंना असलं काही लागत नाही. त्या मान वाटतात.

आमच्याकडे पालखीला खांदा कोणी द्यायचा, होळी कोणी उभी करायची, याचे मान ठरलेले असतात. बाईंनी तेच जगाला लावलं. जूनमध्ये प्रत्येक पोराला एक देश मिळतो. तो त्याने वर्षभर सांभाळायचा. त्याची राजधानी, नद्या, पिकं तर पाठ हवीतच, पण रोज त्याची विचारपूसही करायची. "काय रे, केनियात पाऊस झाला का? माहीत नाही? मान घेतलास ना? मग निस्तर!" हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

चिली मिळालेला पोरगा पहिल्याच दिवशी रडवेला झाला होता. "बाई, ह्यो देश लयच बारीक हाय. खायला मिळत नाय काय त्याला?"

"समुद्राच्या कडेला राहणारा असाच असतो रे. तुझा बापूस बघ की."

पोरगा खूश. बापूससुद्धा खूश.

हे वेड वर्गात राहिलं असतं तर मी सहन केलं असतं. पण बाजारात बांगडे विकणारी बाई मला सुनावते, "गुरुजी, घासाघीस करू नका, आमच्या पोरीकडे जपान हाय!" जपानात जमीन हलल्याची बातमी आली, तेव्हा तिने ग्रामदेवतेला नारळ ठेवला. माझ्या दशांश अपूर्णांकांसाठी आजवर कोणी साधी उदबत्ती लावलेली नाही.

माझा जळफळाट घरीही पोचला. जेवण जाईना, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पित्त नाही झालेलं. तुम्हाला आडिवरेकर बाई झाल्यात."

शेवटी एकदा मी लाज सोडून, हसत हसत, बाईंना म्हटलं, "आम्हालाही द्या की एखादा देश."

"संपले ओ गुरुजी," बाई खडू झटकत म्हणाल्या.

संपले? वर्गात पोरं पंचवीसएक, जगात देश दोनशेच्या आसपास, आणि माझ्या वाटणीचे संपले!

त्यात बाईंनी स्वतःकडे ग्रीनलँड ठेवलेला. कितीही हुशार पोर असलं तरी तो कोणाला मिळत नाही. मला वाटायचं, नकाशात सगळ्यात ऐसपैस दिसणारा तुकडा बाईंनी बरोबर लाटला.

मग केंद्रप्रमुख साहेब शाळाभेटीला आले. पाचवीत शिरले ते बाहेर येईनात. एकेक पोर उठून आपल्या देशाची खबरबात सांगत होतं आणि साहेब टाळ्या वाजवत होते. मी दारात उभा. माझा वर्ग वाऱ्यावर. साहेबांनी कौतुकाने विचारलं, "आणि बाई, तुमचा देश कुठला?"

"ग्रीनलँड."

माझ्या तोंडून निसटलंच. "साहेब, ग्रीनलँड हा स्वतंत्र देश नाही. तो डेन्मार्कच्या ताब्यात आहे. मुलांपर्यंत चुकीची माहिती जाऊ नये, एवढंच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, हीच पंचाईत.

"गुरुजींचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जागा मोठी आहे, पण नाव दुसऱ्याचं आहे."

साहेब मला म्हणाले, "वा गुरुजी, वाचन दांडगं आहे!" इतक्या वर्षांत ज्या शाबासकीची वाट पाहिली, ती अशी मिळाली. पंचवीस देश माझ्याकडे सुकटीत वाळू सापडल्यासारखे बघत होते.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचा तास लागला आणि गाऱ्हाणं झालंच नाही. भिंतीपलीकडून नुसतं "पान उघडा" एवढंच आलं. माझी चौथी कान टवकारून बसलेली. एकाने विचारलंच, "गुर्जी, आज होय महाराजा नाय?"

मला त्या दिवशी सतरा चोक आठवेना.

संध्याकाळी बायकोने फणसपोळीची पुडी हातात दिली आणि मला बाईंच्या घराकडे पिटाळलं. बाई एकट्या राहतात एवढंच मला माहीत होतं. घर लांबलचक, चांगलं राखलेलं. ओटीवरून आत डोकावलो, तर चुलीवर एवढंसं पातेलं, त्यात एका कपाचं आधण. बाई हातात दिवा घेऊन निघाल्या होत्या.

"या गुरुजी. जरा दिवा दाखवून येते."

मीही मागोमाग गेलो. त्या एकेक दार उघडत, दिवा आत धरत आणि पुन्हा लोटून घेत. "ही खोली थोरल्या दादाची. ही धाकट्याची. ही पोरांची, गणपतीत येतात तेव्हा." गाद्या गुंडाळलेल्या, खुंट्या रिकाम्या. बाईंची स्वतःची खाट माजघराच्या कोपऱ्यात होती.

"सगळं दादांच्या नावावर," त्या म्हणाल्या. "मुंबईला असतात. मी राखण करते. गणपतीत माणसं मावत नाहीत घरात. मग परत बर्फ."

येताना माफीचं एक वाक्य जुळवून आणलं होतं. ते बाजूला ठेवून मी फणसपोळी पुढे केली.

बाईंनी पुडी घेतली, हुंगली. "तुमच्या बायकोच्या हातची. वाटलंच. तुम्ही मागे देश मागत होतात ना? डेन्मार्क आहे शिल्लक. चालेल?"

"चालेल की!" मी जरा जास्तच घाईने म्हणालो. पंचेचाळिशीच्या माणसाला इतका आनंद शोभत नाही.

"पण विचारपूस करावी लागेल. नुसतं नाव लावून भागत नाही. ग्रीनलँडला अधूनमधून यायचं, बसायचं, जरा बोलायचं. मान घेतलात ना? मग निस्तरा."

मी हात जोडले. "होय महाराजा."

बाई हसल्या नाहीत. त्या चुलीकडे वळल्या आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.