भगवानअण्णा आणि डावीकडचा टॉवर

भगवानअण्णा लग्नाला गेले की अक्षता नंतर घेतात, आधी मंडपाचा खांब धरून हलवतात. "बघू द्या, हलतोय का," म्हणत एक सोडतात, दुसऱ्याकडे वळतात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही एकमेकांना हार घालतोय आणि मागे अण्णा खांबाशी झटापट करतायत, असा एक फोटो आहे. बायको तो कुणाला दाखवत नाही.

अण्णांचा लासूर स्टेशनला मंडपाचा धंदा. चाळीस वर्षांत आपला एकही मंडप पडला नाही, हे ते न विचारता सांगतात. त्यांची आमची भिंत सामाईक, त्यामुळे मला जरा जास्तच वेळा सांगतात. बँकेतला काउंटर, माझ्या शाळेतले बाक, सलाइनचा स्टँड, त्यांच्या तावडीतून काहीच सुटत नाही. एकदा डॉक्टर अण्णांची नाडी बघत होते आणि अण्णा डॉक्टरांचं टेबल.

त्यांचा मुलगा अभय पुण्यात नोकरी करतो आणि एका पॉप-पंक बँडमध्ये गातो. पॉप-पंक म्हणजे काय, हे त्यानंच मला समजावलं होतं: गाणं चिडलेलं, पण म्हणायचं उड्या मारत. बापलेकांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. शेवटचं भांडण नात्यातल्या एका लग्नात, पाहुण्यांसमोर, अण्णांच्या खांब हलवण्यावरून झालं होतं. गेल्या हिवाळ्यात बँडचा कार्यक्रम संभाजीनगरला ठरला, तेव्हा अभयचा मला फोन आला.

"सर, अण्णांना घेऊन या. पण लांब, मागं उभं करा. तिथं त्यांनी तमाशा केला, तर मी परत लासूरला पाय ठेवणार नाय."

मी आपला "काळजी करू नको" म्हणून बसलो.

कार्यक्रम पाचचा. अण्णांनी सकाळच्या गाडीनं नेऊन मला बारालाच मैदानावर उभं केलं. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर नवं उपरणं. चार वाजेपर्यंत त्यांनी सगळे खांब हलवून बघितले. कामगारांना वाटलं, ठेकेदाराचा माणूस असेल. त्यांनी चहा पाजला. एकानं तर वायर कुठून न्यायची तेही विचारलं, आणि अण्णांनी सांगितलं. स्टेजला जोडलेल्या डावीकडच्या लाइटच्या टॉवरपाशी मात्र ते थबकले.

"सर, ह्यो हलतोय. नट ढिला हाय."

"अण्णा, आज नको. त्यांची माणसं आहेत, बघतील."

अण्णा गप्प झाले. ते बोलतात तेव्हा मला कंटाळा येतो, गप्प होतात तेव्हा भीती वाटते.

अभय स्टेजवर आला, त्यानं पहिली उडी मारली आणि समोरची सगळी पोरंपोरी उडायला लागली. पायाखालची जमीन धडधडत होती. मी शेजारी बघितलं, तर अण्णा नव्हते.

टॉवरवरचे दिवे जरासे डुलत होते. खाली अण्णा कठडा ओलांडून आत घुसले होते आणि एका बाउन्सरनं त्यांची कॉलर धरली होती. अभय तिथून चार हातांवर गात होता. त्यानं मान वळवली असती तर सगळंच संपलं असतं. शाळामास्तराला शोभणार नाही अशा रीतीनं कोपरं मारत मी गर्दीतून पुढं गेलो.

अण्णा बाउन्सरच्या कानात ओरडत होते, "मला मग हाकल. आधी इथं हात लाव."

त्यानं टॉवरच्या पाइपाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. कॉलर सुटली. "प्रोग्राम रोकना पडेगा," तो म्हणाला.

"रोकना नै. पोरगं गातंय माझं." अण्णांनी उपरणं काढलं, सांध्यावर गच्च आवळून गाठ मारली आणि पाइप दोन्ही हातांनी कवटाळला. "जा, नट आवळायला पानेवाल्याला आण."

पानेवाला यायला तीन गाणी लागली. ती तीन गाणी कशी गेली ते माझं मला माहीत. नट आवळला, टॉवर ताठ झाला, तरी अण्णांनी हात काढला नाही. स्टेजकडे पाठ, पाइपाला गाल, असे ते शेवटपर्यंत उभे राहिले. "आता तरी वळून बघा त्याला," मी तीनदा म्हणालो. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

गर्दी ओसरली. अभय घामाघूम खाली उतरला आणि तडक आमच्याकडे आला.

"एवढ्या लांब आलात आन् खांबच धरून बसलात?" अभय म्हणाला. "एकदा तरी बघितलं का मला?"

अण्णा पाइपावर हात ठेवूनच म्हणाले, "उडी मारून उजव्या पायावर येतोस तू. डावा राखतोस. पाइपात कळत होतं."

अभयनं खाली आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. चौदा वर्षांचा असताना तो अण्णांच्याच मंडपावरून पडला होता, डावा पाय मोडला होता. त्या दिवशी अण्णा दवाखान्यात गेले नाहीत. दुसऱ्याच्या लेकीचं लग्न लागायचं होतं, म्हणून मंडप बांधत राहिले. पुढं त्या घरात कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. दिसेल तो खांब हलवायची खोड तेव्हापासूनची, असं अभयची आई आमच्याकडे सांगते.

अण्णा तिथंच मातीत बसले. जीन्सवरूनच त्यांनी त्याचा डावा गुडघा चाचपला.

"दुखतो का रे अजून?"

"थंडीत दुखतो," अभय म्हणाला आणि त्यांच्याशेजारी बसला.