एझ्राच्या गाडीचे डोळे

घड्याळ दुरुस्त करण्यात एझ्रा झिराडकरचा हात धरणारा अख्ख्या पेणमध्ये कुणी नव्हता, हे कबूल. पण म्हणून जगातली प्रत्येक वस्तू आपल्याच हातानं बरी होते, असा या गृहस्थाचा ठाम समज होता, आणि त्याच्या बायकोचा, साराचा, निम्मा जन्म त्या समजाचा पसारा आवरण्यात गेला होता.

या खेपेला पाळी गाडीची होती. मुंबईच्या कुणा साहेबानं कंटाळून विकलेली जुनी परदेशी गाडी. पुढच्या दिव्यांना काच नाही, प्लॅस्टिक. आणि तेही उन्हानं असं धुरकटलेलं की गाडीला मोतीबिंदू झालाय असंच वाटावं. आणि रविवारी रोह्याला रेचल उतरणार होती, तिची रेल्वे पेणला थांबत नव्हती. एझ्राची थोरली बहीण, पेणच्या इतर ज्यू घरांसारखी कित्येक वर्षांपूर्वी इस्रायलला गेलेली. ती काही नुसती भेटायला येत नव्हती. "तिथं आता तुमचं उरलंय कोण? तुम्हा दोघांना घेऊनच जाणार," असं तिनं फोनवर बजावलं होतं. एझ्राला पेण सोडायचं नव्हतं, आणि ताईला तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तेव्हा चकचकीत गाडीतून तिला घरी आणायचं, म्हणजे आपलं इथं झकास चाललंय हे तिला न सांगता कळेल, असा त्याचा बेत.

"अहो, नवे दिवे मागवा की," सारा म्हणाली.

"मागवायचे कशाला? टूथपेस्टनं घासले की झालं. घरच्या घरी."

टूथपेस्ट संपली, दिवे तसेच. नवरा-बायकोनं मिठानं दात घासले. मग एझ्रानं सुताराकडचा खरखरीत पॉलिश पेपर आणला आणि दुपारभर असा जोर लावला, की दोन्ही दिवे दह्यासारखे पांढरे झाले. थोडंफार आरपार दिसत होतं, तेही बंद.

"छान," सारा म्हणाली आणि हसू दाबायला आत गेली.

आता आठवला हमरापूरचा कान्हू. तो गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायचा. त्याच्याकडं बारीकात बारीक पॉलिश पेपर असणार, वार्निश असणार. शुक्रवारी सकाळी एझ्रानं गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली. गणपती तोंडावर आलेले, कान्हूला मान वर करायला फुरसत नव्हती.

"कान्हू, हिचे डोळे गेलेत रे. तेवढे करून दे. परवा ताईला आणायला रोह्याला जायचंय."

कान्हूनं दिव्यांवरून बोट फिरवलं. "डोळेच ना? आन् पांढरं तर तुम्हीच घासून आणलंय. बरं झालं, दादा. माझं निम्मं काम वाचलं."

या वाक्याचा अर्थ एझ्राला लागला असता, तर ही गोष्टच घडली नसती. पण स्वतःच्या कामाची तारीफ झाली की त्याला पुढचं मागचं काही ऐकू येत नसे.

रविवारी तो गाडी न्यायला गेला, तर मूर्तींच्या रांगेतून गाडी त्याच्याकडं पाहत होती. दोन्ही दिव्यांवर डोळे होते. लांबट, पाणीदार, काळ्याभोर रेघांचे, वर वार्निशचा हात. इतके मायाळू की त्यांच्यासमोर रागावायचीही सोय नव्हती.

"सगळे गणपती बाजूला ठेवून तुमचं काम केलं," कान्हू म्हणाला. "ताई इतक्या वर्सांनी येतेय. साधे डोळे काढून चालायचं नाय."

एझ्रानं त्याला मिठी मारली आणि गाडी चालू केली.

वाटेत लोक हात जोडायला लागले. नागोठण्याला एका म्हातारीनं गाडी थांबवून बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं. एझ्राला ताई आठवली. मूर्तिपूजेच्या धास्तीनं घरात साधं चित्रही टांगू न देणारी बहीण, आणि तिच्या स्वागताला हे गणपतीचे डोळे! आता ती म्हणणार, होता नव्हता तो धर्मही बुडवलास, चल, बॅग भर.

रेल्वे उशिरा आली. रोहा स्टेशनाबाहेर दिवेलागण झाली होती. रेचलनं गाडी पाहिली, बॅग खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"एझ्रा, हे काय आहे?"

त्यानं सगळं सांगून टाकलं. टूथपेस्ट, पॉलिश पेपर, कान्हू. सांगण्याच्या भरात फोनवर कधी न निघालेलं वाक्यही तोंडातून गेलं. "मला तिकडं यायचं नाही, ताई. रागाव हवं तर."

रेचलनं पाठ फिरवली. मग तिचे खांदे हलायला लागले. एझ्राला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, अगदी पोट धरून.

"तिकडं शेजारणीला अजून माझं नाव येत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि इथं माझ्यासाठी कुणी गणपती बाजूला ठेवले. राहा बाबा इथंच. मी नाही नेत तुला."

एझ्राच्या जिवात जीव आला. त्यानं ऐटीत दिवे लावले. बुबुळं काळीच राहिली. कडेनं जरा दुधाळ उजेड पाझरला, आणि तोही बंपरच्या पुढं सरकला नाही.

"मी यात बसणार नाही," रेचल म्हणाली, आणि समोरच्या पेण एस्टीत चढली. मागच्या खिडकीतून तिनं हातानं खुणावलं, माझ्या मागोमाग ये.

पुढं एस्टी, तिच्या उजेडात मागं एझ्रा. नेत नाही म्हणाली खरी, पण रेचल शेवटी भावाला घेऊनच गेली. पेणपर्यंत.