नानांची रीस्टार्टबंदी

‘रीस्टार्ट करू का?’ असं ऑफिसात कोणी विचारलं, की नाना खुर्चीसकट गर्रकन वळायचे. “रीस्टार्ट म्हंजे पुरावा जाळणं!” स्वतःच्या कॉम्प्युटरच्या बटणावर तर त्यांनी बाटलीचं झाकण चिकटवलं होतं.

नाना शिंदखेड्याचे, जळगावच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात कर्नेल नावाचा प्रोग्रॅम असतो. लोक पेपर वाचतात तसा नाना तो वाचायचे, आणि मधेच हसायचे.

मी चंद्रपूरकडची, आठवीत शाळा सुटलेली. टेबलखुर्चीचं काम मिळालं याचंच एवढं अप्रूप, की चुकेल या धास्तीनं मला पाणी प्यायचं सुचत नसे. शेजारच्या खोलीत जुने केसपेपर स्कॅन होऊन सर्व्हरवर जायचे. ते पोचले का, हे मी माझ्या कॉम्प्युटरवर बघायचे. रोज एखादी फाईल यायचीच नाही. मी साहेबांना बोलवायचे, साहेब माझा कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचे, फाईल समोर!

“डोळे तपासा, बाई,” साहेब म्हणायचे. शेवटी म्हणाले, “शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई आणतो.”

नानांच्या कानावर गेलं. “तू तुनं काम कर, ताई. मी नुसता बसस.” आणि दिवसभर ते माझ्या पाठीमागे बसले. दुपारी एक फाईल दिसेना, तशी ते ओरडले, “थांब! हात लावू नको!”

माझा गुन्हा असा निघाला: फाईल पोचायच्या आधीच मी काळजीनं चारदा शोधायचे. माझ्या कॉम्प्युटरचा कर्नेल म्हणायचा, नाही आली. आणि ते ‘नाही’ धरूनच बसायचा; फाईल आली तरी सर्व्हरला पुन्हा विचारायचाच नाही. रीस्टार्ट केलं की ते ‘नाही’ पुसलं जायचं, आणि पुरावाही. बाकी कोणाला एवढी काळजीच नव्हती, म्हणून त्यांचं कधी अडलं नाही.

“तो खोटं बोलत नही, ताई. जुनं सांगस,” नाना म्हणाले. कर्नेलचा अपमान त्यांना सोसत नसे.

साहेबांना त्यांनी माझ्याच खुर्चीत बसवलं. साहेबांनाही फाईल दिसेना. त्यांना डोळे तपासायला मात्र कोणी सांगितलं नाही. शनिवारचा विषय परत निघाला नाही.

नानांनी कर्नेल दुरुस्त केला आणि तो सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींना दुरुस्ती पाठवायला घेतली. चूक ज्यानं दाखवली, त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायची तिथं रीत आहे म्हणे.

“पूर्ण नाव सांग.”

“नाना, शोधलं तुम्ही. मी नुसती घाबरत होते.”

“तू घाबरनी म्हणीसन तर सापडनं!”

मग त्यांनी आपल्या जुन्या दुरुस्त्या दाखवल्या. ढीगभर होत्या. चूक दाखवणाऱ्याच्या नावाची ओळ एकीखालीही नव्हती.

“माले कोन सांगाले येस?” नाना म्हणाले, आणि माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बोट ठेवून पुन्हा एकदा तपासू लागले.